रविवारच्या मिस्सात स्वतः रचलेलं गाणं गाता येतं का?

२४ डिसेंबर १८१८. ऑस्ट्रियात साल्झबुर्ग शहराजवळ, साल्झाख नदीच्या काठी ओबर्नडोर्फ नावाचं गाव. वस्ती नावाड्यांची, धंदा मिठाच्या वाहतुकीचा. इथल्या सेंट निकोलस चर्चमध्ये योसेफ मोर नावाचा २६ वर्षांचा सहायक धर्मगुरू होता. दोन वर्षांपूर्वी लिहिलेली एक कविता त्याने बाहेर काढली आणि शेजारच्या आर्न्सडोर्फ गावातल्या शाळामास्तराच्या हातात ठेवली. हा मास्तर म्हणजे फ्रान्झ ग्रुबर. तो ओबर्नडोर्फच्या चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा. मोरची मागणी साधी होती: हिला चाल लाव, साथीला गिटार पुरेल अशी. ग्रुबरने संध्याकाळपर्यंत चाल तयार केली. त्याच रात्री दोघांनी ते गाणं चर्चमध्ये म्हटलं. गिटार मोरनेच वाजवली.

ते गाणं म्हणजे 'सायलेंट नाईट'.

चर्चच्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला होता, म्हणून गिटारवर वेळ भागवावी लागली, अशी एक गोष्ट दर नाताळात व्हॉट्सॲपवर फिरते. गोष्ट गोड आहे, पण तिला पुरावा नाही. ग्रुबरने १८५४ मध्ये या गाण्याच्या जन्माची हकिकत स्वतः लिहून ठेवली. तीत उंदीरही नाहीत आणि बिघडलेला ऑर्गनही नाही.

जगभर पोचलेलं हे गाणं मुळात एका छोट्या पॅरिशमध्ये, म्हणजे मराठी कॅथलिक ज्याला धर्मग्राम म्हणतात तिथे, तिथल्याच दोन माणसांनी तिथल्याच लोकांसाठी रचलं होतं. आता समजा, वसईतल्या एखाद्या धर्मग्रामात गायनमंडळातली एक मुलगी २४ डिसेंबरच्या सकाळी फादरांकडे गेली आणि म्हणाली, "मी एक गाणं लिहिलंय, चालही माझीच आहे, आज मध्यरात्रीच्या मिस्सात म्हणायचं का?" तर फादर काय सांगतील?

नियमाने उत्तर असं आहे: गाणं मिस्साच्या कोणत्या भागात म्हणायचं आहे, त्यावर ते अवलंबून आहे.

ठरलेले शब्द आणि मोकळ्या जागा

ज्यांनी कधी मिस्सा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिस्सा ही कॅथलिक चर्चची मुख्य उपासना. तिच्यात आधी बायबलवाचन होतं, मग भाकर आणि द्राक्षारसाचं अर्पण, आणि शेवटी लोक ते प्रसाद म्हणून घेतात. या सगळ्यात गाणं असतं, पण ते एकाच जातीचं नसतं.

काही पदं उपासनेचाच भाग आहेत. सुरुवातीची दयेची याचना, रविवारी आणि सणाला म्हटलं जाणारं गौरवगीत, श्रद्धेचा अंगीकार, 'पवित्र, पवित्र' हे पद आणि भाकर मोडताना म्हटलं जाणारं 'देवाच्या कोकरा'. यांचे शब्द मिस्साग्रंथात छापलेले असतात. ती गायली जोत की नुसती म्हटली जोत, शब्द तेच.

बाकी काही ठिकाणी चर्च थोडी मोकळीक देतं. धर्मगुरू वेदीकडे येताना प्रवेशगीत, अर्पणाच्या वेळचं गीत, कम्युनियनच्या वेळचं गीत. या प्रत्येक जागेसाठी पारंपरिक पदं आहेत, पण त्यांच्याऐवजी प्रसंगाला शोभणारं दुसरं गीत चालतं. शेवटी लोक बाहेर पडताना म्हणायच्या गीताबद्दल तर मिस्साग्रंथ काही सांगतच नाही. ती निव्वळ प्रथा आहे.

मिस्साग्रंथाच्या सुरुवातीला एक लांबलचक नियमावली असते. तिच्या ५३ व्या कलमात म्हटलंय की गौरवगीताच्या जागी दुसरा कुठलाही मजकूर घालता येणार नाही. ६१ वं कलम सांगतं की वाचनानंतरच्या प्रतिसाद स्तोत्राच्या जागी भक्तिगीत म्हणता येणार नाही, कारण ते स्तोत्र म्हणजे बायबलच आहे. मिस्साच्या ठरलेल्या पदांच्या जागी दुसरी गीतं नकोत, असं ३६६ वं कलम एकदा सगळ्यांनाच लागू करून टाकतं. ४८ वं कलम मात्र दार उघडतं: प्रवेशगीत म्हणून दुसरं योग्य गीत घेता येईल, फक्त त्याच्या शब्दांना चर्चच्या अधिकाऱ्यांची, म्हणजे बिशप परिषदेची किंवा बिशपांची मान्यता हवी.

या सगळ्या कलमांत चाचणी मुख्यतः शब्दांची होते. चालीचा उल्लेख येतो तो वेगळ्या सुरात: लोकांनी म्हणायच्या पदांच्या चाली बिशप परिषदेने मंजूर कराव्यात, कोणती वाद्यं चालतील ते ठरवावं, वगैरे. पण अमुकच चाल किंवा अमुकच ताल, असं बंधन नाही. म्हणजे 'पवित्र, पवित्र'ला भैरवीत बांधायला तत्त्वतः हरकत नाही. मात्र त्यात स्वतःच्या चार ओळी घालायला हरकत आहे.

हे दार उघडलं कधी?

१९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताबद्दल एक कडक आदेश काढला. त्या काळी युरोपातल्या चर्चमध्ये ऑपेराचा सूर घुसला होता. गायक आपला गळा दाखवायचे आणि लोक नाटकाला आल्यासारखे ऐकत बसायचे. पोपनी पियानोवर बंदी घातली, ढोल-झांजांवर बंदी घातली, आणि उपासनेच्या गायनवृंदात स्त्रियांना घ्यायचं नाही असंही सांगून टाकलं. आदर्श म्हणून त्यांनी पुढे ठेवलं ते ग्रेगोरियन गायन, लॅटिनमधलं, एकसुरी, वाद्याविना. नव्या रचनांना त्यांची ना नव्हती, पण त्या आदर्शाच्या जितक्या जवळ तितक्या बऱ्या.

साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेबद्दलचा आपला दस्तऐवज जाहीर केला. त्यातलं सहावं प्रकरण संगीताचं. ग्रेगोरियन गायनाचा मान तसाच राहिला, ऑर्गनचाही राहिला. पण ११९ व्या कलमात मिशनच्या प्रदेशांचा उल्लेख आला: ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला उपासनेत योग्य जागा द्यावी. आणि १२१ व्या कलमात संगीतकारांना चक्क निमंत्रण मिळालं. नव्या रचना करा, फक्त मोठ्या गायनवृंदांसाठी नको, लहान गायनमंडळांसाठीही करा, आणि सगळ्या लोकांना म्हणता येतील अशाही करा. शब्द मात्र चर्चच्या शिकवणीला धरून असावेत, शक्यतो बायबल आणि उपासनेच्या ग्रंथांतून घेतलेले.

याच सुमारास मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषांत यायला लागला. जगभरच्या हजारो धर्मग्रामांना एकाच वेळी नवी गाणी लागणार होती आणि जुन्या पेटीत ती नव्हती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जे झालं त्यात अर्जेंटिना आणि निकाराग्वा यांची जोडी सगळ्यात बोलकी आहे.

दोन मिस्सा, दोन नशिबं

एरियल रामिरेझ हा अर्जेंटिनाचा पियानोवादक. लोकसंगीतात बुडालेला माणूस. १९६४ मध्ये त्याने 'मिसा क्रिओला' रचली. मिस्साची ती पाच ठरलेली पदं त्याने घेतली आणि प्रत्येकाला दक्षिण अमेरिकेतल्या वेगवेगळ्या लोकगीतांचा, लोकनृत्यांचा बाज दिला. दयेची याचना डोंगराळ भागातल्या एकाकी, लांब ओढलेल्या सुरात येते. गौरवगीत सुरू होतं ते कार्निव्हलच्या नाचाच्या ठेक्यावर, सोबत चारांगो हे छोटं तंतुवाद्य. श्रद्धेचा अंगीकार चाकारेरा या नाचाच्या तालात. शेवटचं 'देवाच्या कोकरा' पुन्हा संथ, पम्पासच्या गवताळ मैदानांची आठवण करून देणारं.

संगीत इतकं धीट, पण शब्दांशी रामिरेझने खेळ केला नाही. लॅटिन मिस्साचं जे स्पॅनिश भाषांतर चर्चने नुकतंच मान्य केलं होतं, तेच त्याने वापरलं. चालीत बसवण्याच्या कामात तीन धर्मगुरू त्याच्या मदतीला होते. त्यामुळे नाचाचा ठेका ऐकून कोणाच्या भुवया उंचावल्या असतील तरी हातात धरायला चूक सापडत नव्हती. पन्नास वर्षांनी, १२ डिसेंबर २०१४ रोजी, व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकात पोप फ्रान्सिस यांच्या मिस्सात हीच रचना गायली गेली. संचालन रामिरेझच्या मुलाने केलं. तोवर रामिरेझला जाऊन चार वर्षं झाली होती.

आता निकाराग्वा. १९७५ साल, सोमोझा घराण्याची हुकूमशाही. कार्लोस मेहिया गोदॉय या गायक-गीतकाराने 'मिसा काम्पेसिना', म्हणजे शेतकऱ्यांचा मिस्सा रचला. त्याची नाळ सोलेन्तिनामे या बेटांवरच्या एका छोट्या समूहाशी जुळलेली होती. तिथे कवी-धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल कोळी-शेतकऱ्यांसोबत बसून बायबलवर चर्चा करत. मेहिया गोदॉयने संगीत तर गावाकडचं घेतलंच, पण त्याने शब्दही बदलले. त्याच्या गाण्यातला देव घामाने भिजलेला मजूर आहे, रस्त्यावर राबणारा, उन्हात रापलेला. श्रद्धेच्या अंगीकारात पिलाताचं वर्णन येतं ते साम्राज्यवादी म्हणून. ऐकणाऱ्याला वेगळं काही समजावून सांगायची गरज नव्हती.

मानाग्वाच्या आर्चबिशपांनी या मिस्साला उपासनेत मनाई केली. सरकारलाही तो खुपला. पण गाणी थांबली नाहीत. ती स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्या जगात पसरली, आजही गायली जातात. फक्त मिस्साची अधिकृत पदं म्हणून नाही.

आर्चबिशपांच्या मनाईमागे राजकारण नव्हतंच असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण राजकारण बाजूला ठेवलं तरी नियमाच्या कसोटीवर ही रचना अडकलीच असती. श्रद्धेचा अंगीकार हे सगळ्या चर्चने मिळून म्हणायचं वाक्य आहे. ते एका देशाने एका तऱ्हेने आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने म्हटलं तर एकत्र म्हणण्यात अर्थ काय, हा चर्चचा मुद्दा. समोरच्या बाजूचा मुद्दाही हलका नाही. लॅटिनचं शब्दशः भाषांतर शेतमजुराच्या तोंडी देऊन त्याला 'आता हे तुझं आहे' असं सांगायचं का? हा वाद १९७५ मध्ये संपला नाही आणि आजही संपलेला नाही.

शब्द बदलले की चाल मोडते

ठरलेले शब्द किती ठरलेले, याचा अनुभव अमेरिकेतल्या संगीतकारांना २०११ मध्ये आला. इंग्रजी मिस्साचं भाषांतर लॅटिनच्या अधिक जवळ नेण्यात आलं आणि त्या वर्षी २७ नोव्हेंबरपासून ते तिथे लागू झालं. गौरवगीताच्या ओळी वाढल्या, 'पवित्र, पवित्र' मधले काही शब्द बदलले. चाळीस वर्षं लोकांच्या ओठांवर बसलेल्या चाली एका रविवारात जुन्या झाल्या. कुठे मात्रा कमी पडू लागल्या, कुठे शब्द जास्त होऊ लागले. अनेक संगीतकारांना आपल्याच रचना पुन्हा बांधाव्या लागल्या. अमेरिकेत अशा रचना प्रकाशित करायच्या तर शब्द बरोबर आहेत ना, हे बिशप परिषदेच्या उपासना विभागाकडून तपासून घ्यावं लागतं.

आणखी एक छोटीशी गोष्ट, पण नियम कसा चालतो ते सांगणारी. 'देवाच्या कोकरा' हे पद भाकर मोडून होईपर्यंत चालू ठेवायचं असतं. भाकर मोडायला वेळ लागला तर तीच ओळ किती वेळा म्हणणार? म्हणून अमेरिकेतल्या संगीतकारांनी मधल्या आवर्तनांत येशूची दुसरी विशेषणं घालायला सुरुवात केली: जीवनाची भाकर, शांतीचा राजा, असं काहीबाही. सगळी बायबलमधलीच. वर्षानुवर्षं चाललं. २०१२ मध्ये बिशपांनी सांगितलं, बंद करा, कोकराच्या जागी फक्त कोकरूच. आता कोकरूच आहे.

मोकळ्या जागांतही मोकळीक किती?

प्रवेशगीत, कम्युनियनचं गीत या मोकळ्या जागा. पण तिथेही शब्दांची झाडाझडती होते, आणि अलीकडे ती वाढली आहे.

२०२० मध्ये अमेरिकन बिशपांच्या धर्मशिक्षण समितीने गीतांचे शब्द कसे तपासावेत यावर एक टिपण काढलं. लोकप्रिय गीतांची नावं घेऊन त्यात दोष दाखवले होते. मुख्य तक्रार कम्युनियनच्या गीतांबद्दल होती. प्रसाद घेतल्यावरही गीत त्याला नुसती 'भाकर' आणि नुसता 'द्राक्षारस' म्हणत राहिलं, तर कॅथलिक शिकवणीचा गाभाच निसटतो. कारण चर्चच्या शिकवणीनुसार अर्पणानंतर तो ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त असतो. दुसरी तक्रार अशी की काही गीतं चर्चबद्दल असं बोलतात जणू ते आपण सगळ्यांनी मिळून बांधलेलं सभागृह आहे. 'ऑल आर वेलकम' हे जगभर गायलं जाणारं गीत याच मुद्द्यावर यादीत आलं.

हे टिपण कागदावरच राहिलं असतं तर कोणाला फारसं कळलंही नसतं. पण २०२४ च्या ऑक्टोबरअखेर मिसुरी राज्यातल्या जेफरसन सिटी धर्मप्रांताच्या बिशपांनी त्याचा आधार घेऊन १२ गीतं वापरण्यावर बंदी घातली. 'ऑल आर वेलकम' त्यातही होतं. बातमी सोशल मीडियावर गेली. वर्षानुवर्षं तीच गीतं लग्नात, अंत्यविधीत, पहिल्या कम्युनियनला म्हणत आलेली माणसं खवळली. काहींनी उलट बिशपांची पाठ थोपटली. काही दिवसांतच बिशपांनी बंदी मागे घेतली आणि लोकांशी, संगीतकारांशी बोलून पुन्हा ठरवू असं सांगितलं. त्या आदेशातली एक गोष्ट मात्र टिकली: ज्या रचनाकारांवर लैंगिक अत्याचाराचे विश्वासार्ह आरोप आहेत, त्यांची गीतं वापरायची नाहीत.

हा शेवटचा मुद्दा चर्चसंगीताला अलीकडे फार छळतो आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अतिशय लोकप्रिय रचनाकारावर अनेक स्त्रियांनी आरोप केले. प्रकाशकाने संबंध तोडले, एकामागून एक धर्मप्रांतांनी त्याची गीतं थांबवली. ज्यांच्या आईच्या अंत्यविधीत ते गीत म्हटलं गेलं होतं, त्यांनी काय करायचं? आणि ज्या स्त्रीने त्या माणसाकडून सोसलं, तिने रविवारी चर्चमध्ये बसून ते गीत ऐकायचं का? शब्दांत धर्मदृष्ट्या एकही चूक नसताना गीत बाद होऊ शकतं, हे कुठल्याच नियमावलीने आधी कल्पिलं नव्हतं.

गोवा, वसई आणि अंधेरी

आपल्या किनाऱ्यावर स्वतः रचून म्हणण्याची सवय व्हॅटिकन परिषदेपेक्षा कितीतरी जुनी आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, मराठीत, ओवी छंदात. ते चर्चमध्ये लोकांसमोर वाचलं जायचं. पण एक फरक ध्यानात घ्यायला हवा. तेव्हाचा मिस्सा लॅटिनमध्ये होता आणि ओव्या मिस्साच्या आत नव्हत्या, आसपास होत्या. लोकांची भाषा चर्चच्या दारातून आत आली होती, वेदीपर्यंत पोचली नव्हती.

गोव्यात या लॅटिनमध्येच एक खास गोष्ट घडली. पोर्तुगीज काळात चर्चला जोडून पॅरिश शाळा असत आणि तिथला मेस्त्री, म्हणजे संगीताचा मास्तर, मुलांना सुरांची लिपी आणि व्हायोलिन शिकवायचा. त्यातून गावागावांत स्वरलिपी वाचता येणारे लोक तयार झाले. त्यांनी उपवासकाळासाठी, येशूच्या दुःखसहनाच्या मिरवणुकांसाठी मोतेत रचली. शब्द लॅटिन, रचना गोव्याची, साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि डबल बेस. पुढे ती कोकणीतही आली. सेंट फ्रान्सिस झेवियरचं जे कोकणी गीत आज प्रत्येक गोवेकर कॅथलिकाला पाठ असतं, त्याचे रचनाकार रायमुंदो बार्रेटो हे असेच गोव्यातले.

याच शाळांतली शिस्त घेऊन गोव्याचे वादक मुंबईच्या सिनेसंगीतात उतरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे एका चर्च-गायनवृंदाच्या मास्तरांचे चिरंजीव. पुढे त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात गुरूचं नाव अजरामर केलं. पण हे विषयांतर झालं.

परिषदेनंतर गोव्यात कोकणी गीतांची लाट आली. जेजुइट फादर वास्को द रेगो यांच्यासारख्यांनी शब्द आणि चाली दोन्ही दिल्या आणि 'गायनांचो झेलो' हा संग्रह घराघरांत पोचला. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमात एसव्हीडी संघाचे फादर जॉर्ज प्रोक्श यांनी हिंदी भजनं आणि नृत्यनाट्यं रचली. १९६९ मध्ये रोमने भारतीय बिशपांनी सुचवलेल्या १२ बदलांना मंजुरी दिली. त्यात हात जोडून नमस्कार होता, आरती होती, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा होता. पेटी-तबल्यावरचा मिस्सा या हवेत रुजला. सगळ्यांना तो आवडला असं नाही. ज्या घरांत चार पिढ्या लॅटिन आणि व्हायोलिन ऐकलं गेलं होतं, तिथल्या काहींना भजनाचा ठेका परका वाटला. 'हे आपलं आहे' असं सांगितलं जाणारं संगीत त्यांना मुळीच आपलं वाटत नव्हतं.

वसईचा तिढा आणखी वेगळा. इथल्या कॅथलिकांची घरची बोली सामवेदी असेल, वाडवळी असेल, कोळी असेल. उपासनेची भाषा मात्र प्रमाण मराठी. म्हणजे लॅटिन गेलं तरी अंतर पूर्ण मिटलं नाही. लग्नातली गाणी एका भाषेत आणि रविवारची दुसऱ्या भाषेत. आपल्या त्या मुलीने गाणं बोलीत लिहिलं असेल, तर मिस्सात कुठल्या भाषेला मान्यता आहे हा प्रश्न फादरांना शब्दांच्याही आधी पडेल.

चाल कोणाची, कागद कोणाचा?

आपल्याकडे एक जुनी युक्ती आहे. सिनेमाची किंवा भावगीताची चाल उचलायची आणि तिच्यावर येशूचे शब्द बसवायचे. लोकांना चाल आधीच पाठ असते, त्यामुळे तालीम लागत नाही. अडचण अशी की कम्युनियनच्या रांगेत उभा असलेला माणूस शब्द येशूचे म्हणतो आणि डोळ्यांसमोर त्याला नायक-नायिका दिसतात. बरेच धर्मगुरू यामुळेच अशा चालींना नाही म्हणतात, आणि ते बरोबर वाटतं.

कायद्याचं काय? भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे: खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत संगीतरचना सादर केली तर तो हक्कभंग ठरत नाही. म्हणजे मिस्सात दुसऱ्याचं गीत गायला परवानगी काढावी लागत नाही. पण ही सूट सादर करण्यापुरती आहे. शब्दांची शंभर पानं झेरॉक्स करून वाटणं, पुस्तिका छापणं, किंवा तेच गीत रेकॉर्ड करून यूट्यूबवर कायमचं ठेवणं हा वेगळा मामला आहे.

झेरॉक्सची गोष्ट क्षुल्लक वाटत असेल तर शिकागोकडे बघा. परिषदेनंतरच्या वर्षांत तिथल्या अनेक पॅरिशांनी एका छोट्या प्रकाशकाची गीतं परवानगीविना छापून वाटली. प्रकाशकाने थेट आर्चडायोसिसवर खटला भरला. १९८४ मध्ये ज्युरीने सुमारे ३२ लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली. वरच्या न्यायालयाने पुढच्या वर्षी हा निकाल फिरवला. तरी अमेरिकेतल्या पॅरिशांना धडा मिळायचा तो मिळाला. आज तिथल्या गीतपत्रिकांच्या तळाशी परवाना क्रमांक छापलेला दिसतो.

उलट बाजूने पाहिलं तर आपल्या गायनमंडळातल्या मुलीचंही गाणं तिच्याच मालकीचं असतं. चर्चमध्ये म्हटलं म्हणून ते चर्चचं होत नाही. ती कोणाची पगारी नोकर नसेल आणि तिने काही लिहून दिलं नसेल, तर शब्द तिचे आणि चालही तिची.

आणि लोकांना म्हणता येईल का?

शब्द पास झाले, चाल स्वतःची आहे, फादर तयार आहेत. तरी निम्म्याहून अधिक नवी गाणी पडतात ती इथे. रचनाकार गायक असला की गाणं स्वतःच्या गळ्यासाठी बांधतो. उडी वरच्या 'सां'च्या पलीकडे, मधे अवघड थांबे, तिसऱ्या कडव्यात सूर बदल. गायनमंडळ छान म्हणतं आणि लोक गप्प उभे राहतात. दहाव्या पायसना ज्याचा राग होता तेच, फक्त ऑपेराऐवजी कीबोर्ड.

फ्रान्समधल्या तेझे मठाने यावर साधा उपाय शोधला. तिथे वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या भाषांचे तरुण येतात. त्यांच्यासाठी झाक बेर्तिए या ऑर्गनवादकाने एक-दोन ओळींची छोटी पदं बांधली, पुन्हा पुन्हा म्हणायची. दुसऱ्या आवर्तनाला नवखा माणूसही सामील होतो. महाराष्ट्रात हे कोणाला शिकवायला नको. भजनात बुवा कडवं म्हणतो आणि मंडळी धृपद उचलते, तेव्हा नेमकं हेच होतं. नव्या मिस्सागीताला याहून तयार साचा मिळणं कठीण.

तर २४ डिसेंबरच्या त्या सकाळी फादर बहुधा असं सांगतील. गौरवगीताच्या जागी हे नाही म्हणता येणार. प्रवेशाला किंवा कम्युनियनला म्हणायचं तर शब्द आधी धर्मप्रांताच्या उपासना समितीला दाखवू, ते आज होणार नाही. पण मिस्सा सुरू व्हायच्या आधी लोक जमतात, तेव्हा अर्धा तास नाताळगीतं असतात. त्यात म्हण. धृपद दोनदा म्हणून दाखव, लोक उचलतील. आणि कागदावर तुझं नाव आणि आजची तारीख घाल.

१९९५ मध्ये साल्झबुर्गला 'सायलेंट नाईट'ची एक जुनी प्रत सापडली, योसेफ मोरच्या स्वतःच्या अक्षरातली. तोपर्यंत कविता १८१८ चीच आहे असं सगळे धरून चालले होते. त्या कागदावर मोरने साल १८१६ लिहिलं होतं, आणि वरच्या कोपऱ्यात, चाल फ्रान्झ झेवियर ग्रुबरची.